जुन्या सर्व्हरवर व्हीएम चालेना : 'सीपीयू टाईप' नक्की कोणता ठेवायचा?

बोरीकाठ, अमळनेर

राम राम मंडळी.

आमच्या कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये तीन जुने रॅक सर्व्हर आले आहेत. एका कारखान्याने नवी मशीनं घेतली आणि ही आम्हाला देणगी दिली. प्रत्येक मुलाला स्वतःची एक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक) द्यायची, त्यात त्याने लिनक्स, वेब सर्व्हर, डेटाबेस मनसोक्त मोडावं आणि पुन्हा उभं करावं, असा बेत आहे. आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या पुष्कळ मुलामुलींकडे लॅपटॉप नाही. त्यामुळे हे काम मनापासून पूर्ण करायचं आहे.

तिन्हींवर प्रॉक्समॉक्स ८ (व्हीएम चालवायची प्रणाली) टाकून त्यांचा क्लस्टर (एकत्र चालणारा गट) केलाय. मशीनं आणि त्यांचे इंटेल प्रोसेसर असे :

अ : झिऑन ई५५२०
ब : झिऑन एक्स५६७०
क : झिऑन ई५-२६५० व्ही२

आता दुखणी. 'अ'वर नवी व्हीएम बनवली तर ती सुरूच होत नाही. लॉगमध्ये 'होस्ट डझन्ट सपोर्ट रिक्वेस्टेड फीचर' आणि पुढे 'एईएस, बिट २५' असं येतं. दुसरं, आधीच्या सेटअपच्या बॅकअपमधून आणलेल्या एका व्हीएमवर आल्मालिनक्स ९ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायला गेलो तर इन्स्टॉलर सुरू होताच कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभाच कोलमडतो), 'अटेम्प्टेड टू किल इनिट', एक्झिटकोड ७एफ००. तिसरं सगळ्यात कोड्यात टाकणारं आहे. 'क' हे मशीन तिघांत नवं, म्हणून त्याच्यावरच्या व्हीएममध्ये मोंगोडीबी ६ या डेटाबेसचं डॉकर कंटेनर (सगळं सोबत बांधून आलेला प्रोग्रॅम) लावलं. ते उठतं आणि लगेच पडतं, कोड १३२.

रॅम तपासून झाली, डिस्क तपासून झाल्या, आयएसओ पुन्हा उतरवून चेकसम जुळवला. सगळं ठीक आहे. ही तीन वेगळी दुखणी आहेत की एकच?

---

भुसावळ_जंक्शन

आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा भाऊ. इंटेलच्या मशीनवर 'व्हीटी-एक्स' किंवा नुसतं 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' असं लिहिलेलं असतं. अनेक जुन्या सर्व्हरांत ते मूळ सेटिंगमध्ये बंदच असतं.

---

बोरीकाठ, अमळनेर

काका, ते तिन्हींवर चालू आहे. साधी डेबियन १२ ची जुनी व्हीएम तिन्ही मशीनांवर व्यवस्थित चालते.

---

पांझरा, धुळे

दुखणं एकच आहे, तीन तोंडांनी बोलतंय. सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न आपल्याकडे सेकंडहँड सर्व्हर घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो.

केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय, प्रॉक्समॉक्स तीच वापरतं) व्हीएम चालते तेव्हा तिच्या आतल्या प्रोग्रॅमच्या इन्स्ट्रक्शन जवळजवळ सगळ्या थेट खऱ्या प्रोसेसरवरच चालतात. मध्ये कोणी भाषांतर करत बसत नाही, म्हणून तर वेग मिळतो. पण व्हीएममधली ऑपरेटिंग सिस्टिम 'तू कोण, तुला काय काय येतं?' असं प्रोसेसरला विचारते, ती सीपीयूआयडी इन्स्ट्रक्शन हायपरवायझर (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) अडवतो आणि उत्तर स्वतः देतो. 'सीपीयू टाईप' हे सेटिंग म्हणजे ते उत्तर. यावरून पुढचं सगळं उलगडतं : प्रोसेसरला जे येतं ते लपवता येतं, जे येत नाही ते देता येत नाही.

आता पातळ्या. २०२० साली एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सुसे यांनी मिळून ६४-बिट प्रोसेसरांच्या चार पायऱ्या ठरवल्या. (पुढची एसएसई, एव्हीएक्स वगैरे नावं म्हणजे प्रोसेसरला येणाऱ्या खास इन्स्ट्रक्शनचे गट, आणि नेहालेम, हॅसवेल वगैरे इंटेलच्या पिढ्यांची नावं.) एक्स८६-६४-व्ही१ म्हणजे २००३ च्या पहिल्या ऑप्टेरॉनपासूनचा पाया. व्ही२ मध्ये एसएसई३ पासून एसएसई४.२ पर्यंत आणि पॉपसीएनटी वगैरे, म्हणजे इंटेलचा २००८ चा नेहालेम आणि त्यापुढे. व्ही३ मध्ये एव्हीएक्स, एव्हीएक्स२, बीएमआय, एफएमए, म्हणजे २०१३ चा हॅसवेल आणि त्यापुढे. व्ही४ साठी एव्हीएक्स-५१२ लागतं.

तुमची मशीनं यात बसवू. ई५५२० हा नेहालेम, व्ही२ पूर्ण करतो. एक्स५६७० हा वेस्टमेअर, व्ही२ आणि वर एईएस (एन्क्रिप्शनच्या इन्स्ट्रक्शन). ई५-२६५० व्ही२ हा आयव्ही ब्रिज, त्याला व्ही२, एईएस आणि एव्हीएक्स येतं, पण एव्हीएक्स२ येत नाही, म्हणून तो व्ही३ मध्ये बसत नाही.

दुखणं पहिलं : प्रॉक्समॉक्स ८ पासून वेबवरून नवी व्हीएम बनवली की टाईप आपोआप 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' पडतो. एईएसच्या इन्स्ट्रक्शन वेस्टमेअरपासून आल्या. ई५५२० कडे त्या नाहीत, आणि प्रॉक्समॉक्स 'मागितलेलं सगळं असेल तरच सुरू कर' या बाण्याने व्हीएम चालवतो. म्हणून नकार. त्याच यादीत एईएस नसलेला 'एक्स८६-६४-व्ही२' आहे, तो निवडा. 'अ' लगेच चालेल.

दुखणं दुसरं : तुमच्या बॅकअपमधल्या व्हीएमचा टाईप 'केव्हीएम६४' असणार, आधीच्या प्रॉक्समॉक्सचा तोच मूळ टाईप होता. तो खूप जुन्या प्रोसेसरचं सोंग घेतो, व्ही१ च्या आसपास. आल्मालिनक्स ९ हे आरएचईएल ९ (रेड हॅटचं लिनक्स) च्या वाटेने जातं आणि त्याला किमान व्ही२ लागतं. सुरुवातीलाच ग्लिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी तपासते, 'सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२' म्हणते आणि १२७ कोडने बाहेर पडते. तुमच्या ७एफ०० मधला ७एफ म्हणजे हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत लिहिलेला १२७ च. पडलेला तो प्रोग्रॅम इनिट (लिनक्सचा सगळ्यात पहिला प्रोग्रॅम) असल्यामुळे कर्नल पॅनिक होतो. पॅनिकच्या थोडं वर स्क्रोल केलंत तर ग्लिबसीची ती ओळ सापडेल. टाईप व्ही२ करा.

दुखणं तिसरं पुढच्या प्रतिसादात, त्यात थोडी गंमतीची गोष्ट आहे.

---

पांझरा, धुळे

मोंगोडीबी ५.० पासून इंटेलवर सँडी ब्रिज किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, कारण त्यांच्या तयार बायनरीत एव्हीएक्स आहे. कोड १३२ म्हणजे १२८ + ४, आणि लिनक्समधला चौथा सिग्नल म्हणजे 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. प्रोसेसरला न कळणारी इन्स्ट्रक्शन आली.

पण 'क'ला तर एव्हीएक्स येतं! मग? तुमच्या व्हीएमचा टाईप व्ही२-एईएस आहे, आणि त्या टाईपमध्ये एव्हीएक्स नाही. म्हणजे प्रोसेसरमध्ये आहे, व्हीएमला दिसत नाही.

इथे जाणकार विचारतील की इन्स्ट्रक्शन थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात तर मग लपवलं तरी एव्हीएक्स चाललं पाहिजे ना? एसएसई४.२ सारख्या इन्स्ट्रक्शन लपवूनही चालून जातात, कोणी न विचारता वापरल्या तर. एव्हीएक्सचं तसं नाही. त्याचे रुंद रजिस्टर वापरण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिमने ते चालू करावे लागतात, नाहीतर प्रोसेसर इन्स्ट्रक्शन नाकारतो. व्हीएममधल्या कर्नलला सीपीयूआयडीत एव्हीएक्स दिसलंच नाही, त्याने चालू केलं नाही, म्हणून मोंगो पडला.

'क'वरच्या त्या व्हीएमला टाईप 'होस्ट' किंवा 'आयव्हीब्रिज' द्या. 'एक्स८६-६४-व्ही३' देऊ नका, एव्हीएक्स२ नसल्यामुळे सुरूच होणार नाही.

आणि एक गोष्ट नक्की करा. टाईप बदलल्यावर व्हीएमच्या आतून रीबूट करून उपयोग नाही. ती पूर्ण बंद करून प्रॉक्समॉक्समधून परत सुरू करा. आतून रीबूट केलं तरी बाहेरची केव्हीएमची प्रोसेस तीच राहते आणि जुनाच टाईप चालू राहतो.

---

सातपुडा, नंदुरबार

ताई, एवढं सगळं कशाला? सगळ्या व्हीएमना 'होस्ट' लावून टाका, जे प्रोसेसरमध्ये आहे ते सगळं मिळेल. आमच्या इथे मिरचीच्या एका व्यापाऱ्याकडे एकच सर्व्हर आहे, टॅलीची व्हीएम 'होस्ट'वर चालते, कधी त्रास नाही.

---

गिरणा_पट्टा, चाळीसगाव

सातपुडा भाऊ, एकच सर्व्हर असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण बोरीकाठ भाऊंचा क्लस्टर आहे, तीन पिढ्यांचा.

मी एका पतसंस्थेचं काम बघतो, तिथे दोन मशीनं होती, एक वेस्टमेअर आणि एक आयव्ही ब्रिज. सगळं 'होस्ट'वर. नव्या मशीनवर मेंटेनन्स काढला म्हणून चालू व्हीएम जुन्यावर लाईव्ह मायग्रेट केली (बंद न करता हलवली). हलली बरोबर, पण काही क्षणांत आतले प्रोग्रॅम एकेक करून पडायला लागले. कारण सरळ आहे. व्हीएममधल्या प्रोग्रॅमने सुरू होतानाच 'एव्हीएक्स आहे' हे विचारून ठेवलेलं असतं, आणि मायग्रेशन झाल्याचं त्याला कळतही नाही. तो जुन्या प्रोसेसरवर जाऊन एव्हीएक्स मागतो.

तिथून पुढे तिथला नियम असा ठेवलाय : चालू स्थितीत हलवायची व्हीएम असेल तर क्लस्टरमधल्या सगळ्यात जुन्या प्रोसेसरला झेपेल तोच टाईप. बंद करून हलवायची असेल तर हा अडसर नाही, नव्या जागी सुरू होताना ती नव्याने विचारतेच. व्हीएमवेअर या दुसऱ्या प्रणालीत हेच काम ईव्हीसी करतं, पूर्ण क्लस्टरला एका पिढीच्या पातळीवर बांधून ठेवतं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये व्हीएमच्या प्रोसेसर सेटिंगमध्ये वेगळ्या आवृत्तीच्या प्रोसेसरवर हलवण्यासाठी एक चौकट टिक करायची असते. पण इंटेलवरून एएमडीवर चालू व्हीएम हलवण्याचा विचार यांपैकी कशातही करू नये.

---

सातपुडा, नंदुरबार

मायग्रेशनचा मुद्दा पटला भाऊ. पण मग बोरीकाठ भाऊंनी तिन्हींना व्ही२ वर बांधलं तर मोंगोचं काय? तो तर एव्हीएक्स मागतो.

---

गिरणा_पट्टा, चाळीसगाव

मोंगोची व्हीएम 'क'वरच ठेवायची, 'आयव्हीब्रिज' टाईप द्यायचा आणि हाय अव्हेलेबिलिटीच्या (एक मशीन पडलं तर व्हीएम आपोआप दुसऱ्यावर उठवणाऱ्या) गटात ती घालायची नाही. बाकी सगळ्या मुलांच्या व्हीएम व्ही२ वर. एका क्लस्टरमध्ये दोन्ही प्रकार सुखाने नांदतात.

---

बोरीकाठ, अमळनेर

जमी गयं भो! तिन्ही दुखणी गेली. 'अ'वर व्ही२ लावल्याबरोबर व्हीएम उठली, आल्मा ९ चढलं, आणि 'क'वर 'आयव्हीब्रिज' दिल्यावर मोंगो चालतोय. पांझराताई, गिरणा भाऊ, तुमचे उपकार आहेत.

पुढचे प्रश्न. मला एकेका प्रोसेसरला काय येतं हे मशीनवरच पाहायचं असेल तर कसं पाहू? दुसरं, मुलांचा प्रकल्प एकाच वेळी बऱ्याच जणांचा असेल तर 'अ' आणि 'ब'वर मोंगो चालवण्याचा काही मार्ग आहे का?

---

पांझरा, धुळे

पाहणं सोपं आहे. होस्टवर 'एलएससीपीयू' चालवा, 'फ्लॅग्ज'च्या ओळीत 'एसएसई४_२', 'एईएस', 'एव्हीएक्स', 'एव्हीएक्स२' शोधा. पातळीच हवी असेल तर ग्लिबसी २.३३ पासून लोडर स्वतः सांगतो : '/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ --हेल्प' ही कमांड द्या, खाली कोणत्या पातळीपुढे 'सपोर्टेड' लिहिलंय ते दिसेल. तीच कमांड व्हीएमच्या आत द्या. बाहेर आणि आत उत्तर वेगळं आलं तर लपवणारं तुमचं सेटिंग आहे. दोन्हीकडे नाहीच, तर सिलिकॉनमध्येच नाही. गडबड झाली की पहिली ही तुलना करा, रॅम-डिस्क नंतर. तुमचा सगळा वेळ त्यातच गेला, म्हणून आवर्जून सांगते.

'अ' आणि 'ब'वर मोंगो ५ किंवा पुढचा तयार मिळेल तसा चालणार नाही. मोंगो ४.४ चालतो, पण त्याचा आधार २०२४ च्या फेब्रुवारीत संपला, सुरक्षेचे पॅच येत नाहीत. बाहेरच्या नेटला न जोडलेल्या लॅबमध्ये शिकवण्यापुरता मी तो मान्य करेन, पतसंस्थेत अजिबात नाही. सोर्सवरून एव्हीएक्स काढून कंपाईल करता येतो, पण त्याला रॅम आणि वेळ इतका लागतो की 'क'वर एक सामायिक मोंगो ठेवून प्रत्येक मुलाला वेगळा डेटाबेस आणि वेगळा युजर देणं कधीही बरं.

कोणी सांगेल की क्यूईएमयू (प्रॉक्समॉक्सच्या आतला व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) ७.२ पासून सॉफ्टवेअरने एव्हीएक्सची नक्कल करतं. खरं आहे, पण त्यासाठी केव्हीएम बंद करावं लागतं आणि सगळी व्हीएम कासवगतीने चालते. वर्गात तीस मुलं वाट बघत बसलेली असताना ते नको.

---

केळीबाग, रावेर

हा धागा अगदी वेळेवर सापडला. आमचं केळीचं रायपनिंग चेंबर आणि पॅकहाऊस आहे. चेंबरच्या तापमानाची नोंद, गाड्यांचं वजन, शेतकऱ्यांचे हिशेब हे सगळं एका सर्व्हरवर दोन-तीन व्हीएममध्ये घ्यायचं आहे. दोन सेकंडहँड पर्याय आलेत. एक डेल आर७२०, त्यात ई५-२६७० व्ही२. दुसरा आर७३०, त्यात ई५-२६८० व्ही४, थोडा महाग. विकणारा म्हणतो की व्ही२ आणि व्ही४ यात फक्त वेगाचा फरक. घ्यावा का स्वस्त तो?

---

पांझरा, धुळे

भाऊ, थांबा. इथे नावांचा मोठा सापळा आहे आणि त्यात पैसे जातात.

झिऑनच्या नावापुढचा 'व्ही२, व्ही३, व्ही४' हा इंटेलने दिलेला पिढीचा क्रमांक. वर मी सांगितलेली 'एक्स८६-६४-व्ही२, व्ही३' ही पायरी वेगळी. योगायोगाने ई५ व्ही२ हा पायरी व्ही२ वर आणि ई५ व्ही३ हा पायरी व्ही३ वर बसतो, म्हणून लोकांना वाटतं ई५ व्ही४ हा पायरी व्ही४ वर असेल. तो ब्रॉडवेल आहे, त्याला एव्हीएक्स-५१२ येत नाही, तो पायरी व्ही३ वरच राहतो. तुमच्या कामाला तेवढं भरपूर झालं.

फरक वेगापुरता नाही. आरएचईएल १० आणि त्याच्या वाटेने जाणाऱ्या रॉकी लिनक्स १० ला पायरी व्ही३ लागते. आर७२० वर ते चालणारच नाही, आणि पुढे कधी प्रोसेसर बदलून ते मिळेल असंही नाही. आर७२० मध्ये ई५ पहिला आणि व्ही२ एवढेच बसतात. ई५ व्ही३ चं सॉकेट वेगळं, रॅम डीडीआर४. म्हणजे बोर्डच बदलावा लागेल.

तुम्ही तो सर्व्हर पुढची काही वर्षं धंद्यासाठी वापरणार आहात. मी आर७३० घेईन. विजेचंही बघा : ई५-२६७० व्ही२ चा टीडीपी (प्रोसेसर साधारण किती वॉट ओढतो ते) ११५ वॉट आणि कोअर १०, ई५-२६८० व्ही४ चा १२० वॉट आणि कोअर १४. जवळजवळ तेवढ्याच विजेत जास्त काम.

---

भुसावळ_जंक्शन

घेण्याआधी विक्रेत्याकडून 'एलएससीपीयू'च्या पडद्याचा फोटो मागवा. तो देत नसेल तर पेनड्राईव्हवर लाईव्ह लिनक्स घेऊन जा आणि समोर चालवून बघा. बाहेरच्या स्टिकरवर लिहिलेला प्रोसेसर आत असेलच असं धरून चालू नका, सेकंडहँड बाजारात प्रोसेसर काढले-बदलले जातात.

आणि रावेरकर भाऊ, सर्व्हर चेंबरजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ अंश होतं. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि मग माणूस सीपीयू टाईप बदलत बसतो. दोष भलतीकडेच असतो.

---

केळीबाग, रावेर

फार आभारी आहे ताई, काका. आर७३० चं ठरवतो. ऑफिसच्या खोलीत, एसीखाली ठेवू.

---

नवा_सदस्य_पाचोरा

माझ्याकडे एचपीचा डीएल३८० जी७ सर्व्हर आहे, त्यावर ईएसएक्सआय ७ (व्हीएमवेअरची प्रणाली) बसवताना 'सीपीयू सपोर्टेड नाही' म्हणून थांबतं. फेकून द्यावा का?

---

गिरणा_पट्टा, चाळीसगाव

फेकू नका! ईएसएक्सआय ७ ने तुमच्या जी७ मधल्या वेस्टमेअरचा आधार काढला आणि ८ ने सँडी ब्रिज-ईपी काढला. इन्स्टॉलर सुरू होताना शिफ्ट-ओ दाबून 'अलाऊलेगसीसीपीयू=ट्रू' हा पर्याय देऊन पुष्कळ जण पुढे जातात. शिकण्यासाठी ठीक आहे. पण त्यावर अधिकृत आधार नाही, पुढचं एखादं अपडेट काय करेल ते सांगता येत नाही, म्हणून कोणाचा हिशेब त्यावर ठेवू नका. त्यापेक्षा प्रॉक्समॉक्स टाका, डेबियनचा पाया असल्यामुळे जी७ त्यावर सुरळीत चालतो.

---

नवा_सदस्य_पाचोरा

प्रॉक्समॉक्स टाकून बघतो. विंडोज ११ ची व्हीएम चालेल का त्यावर?

---

पांझरा, धुळे

२४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी लागतात. तुमच्या वेस्टमेअरकडे दोन्ही आहेत, फक्त टाईप 'केव्हीएम६४' ठेवू नका. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत मात्र हा प्रोसेसर नाही. सरावापुरतं समजा.

---

भुसावळ_जंक्शन

सगळ्यांना एक सांगतो, कारण आपल्या भागात हे नेहमी होतं. लोडशेडिंगनंतर सर्व्हर परत सुरू झाला आणि एकही व्हीएम उठत नाही. प्रॉक्समॉक्स म्हणतो, केव्हीएम कॉन्फिगर केलंय पण उपलब्ध नाही, बायोसमधून चालू करा. माणूस म्हणतो, कालपर्यंत तर चालत होतं!

बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. वीज पूर्ण गेली की बायोस सगळं विसरून मूळ सेटिंगवर येतो आणि व्हीटी-एक्स बंद होतं. ओळखायची खूण म्हणजे तारीख. होस्टचं घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं दिसलं तर सेल बदला. किराणा दुकानातही मिळतो. बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन व्हीटी-एक्स, व्हीटी-डी परत चालू करा आणि काही मशीनांना मग नुसतं रीस्टार्ट पुरत नाही, पॉवर केबल काढून थोडं थांबून लावावी लागते.

दहा-पंधरा वर्षं जुन्या सर्व्हरचा सेल कोणी बदललेला नसतो. देणगीत आलेल्या मशीनचा तर पहिल्याच दिवशी बदलावा.

---

गिरणा_पट्टा, चाळीसगाव

सेलवरून बायोस अपडेटचं आठवलं, तेही इथे असू दे. एका हॅसवेलच्या मशीनवर लिबव्हर्टने (व्हीएम सांभाळायचं साधन) व्हीएम चालतात. बायोस आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर सेव्ह करून ठेवलेली व्हीएम उठेना : 'गेस्ट सीपीयू डझन्ट मॅच स्पेसिफिकेशन, मिसिंग फीचर्स : एचएलई, आरटीएम'. प्रोसेसर तोच, मग फीचर गेलं कुठे?

एचएलई आणि आरटीएम हे टीएसएक्स या इंटेलच्या इन्स्ट्रक्शन गटाचे भाग. त्यात आधी दोष निघाले, पुढे सुरक्षेच्या त्रुटी निघाल्या, म्हणून इंटेलने मायक्रोकोडमधून ते अनेक प्रोसेसरांवर बंद केले. व्हीएमच्या फाईलमध्ये मात्र 'हॅसवेल' असं लिहिलेलं, ज्यात टीएसएक्स धरलेलं आहे. उपाय म्हणून टाईप 'हॅसवेल-नोटीएसएक्स-आयबीआरएस' केला. रॅमसकट सेव्ह केलेली स्थिती सोडून द्यावी लागली, व्हीएम नव्याने बूट केली. म्हणून बायोस अपडेटच्या आधी व्हीएम सस्पेंड करू नका, नीट शटडाऊन करा.

---

सातपुडा, नंदुरबार

ताई, प्रॉक्समॉक्सच्या सीपीयूच्या पानावर खाली 'पीसीआयडी' वगैरे फ्लॅगची यादी दिसते. ती कशासाठी?

---

पांझरा, धुळे

२०१८ च्या जानेवारीत मेल्टडाऊन उघड झालं, तेव्हापासून लिनक्स कर्नल स्वतःची मेमरी पानं युजर प्रोग्रॅमपासून वेगळी ठेवतो. त्यामुळे प्रत्येक सिस्टिम कॉलला जरा ओझं वाढतं. पीसीआयडी असेल तर ते ओझं बरंच कमी होतं. वेस्टमेअर, सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज या तिघांना पीसीआयडी येतं, पण त्यांच्या नावाचे टाईप ते आपोआप देत नाहीत, हाताने चालू करावं लागतं. डेटाबेसच्या व्हीएमवर फरक जाणवतो. नेहालेमला मात्र पीसीआयडी नाही. बोरीकाठ भाऊ, 'अ'वर जाणाऱ्या व्हीएमला हे टिक केलंत तर ती तिथे सुरू होणार नाही.

---

बोरीकाठ, अमळनेर

ताई, मला तर आता 'अ' हेच मशीन अडसर वाटायला लागलंय. त्याच्यामुळे सगळ्या क्लस्टरचं एईएस गेलं, पीसीआयडी गेलं. तो क्लस्टरमधून काढून टाकू का? पण तेवढीच बारा-पंधरा मुलांची सोय त्याच्यावर होते.

---

पांझरा, धुळे

काढू नका. ई५५२० चं सॉकेट एलजीए१३६६ आहे, एक्स५६७० चंही तेच. ज्या बोर्डांवर ५५०० मालिका चालते त्यांतल्या पुष्कळांवर बायोस अपडेट केल्यावर ५६०० मालिका चालते. मशीन बनवणाऱ्याच्या यादीत तुमच्या बोर्डाची आवृत्ती बघा, ही पायरी वगळू नका, सुरुवातीच्या काही बोर्डांवर ते बसत नाही. यादीत असेल तर वेस्टमेअरची जोडी आज अगदी किरकोळ किमतीत मिळते. क्रम असा ठेवा : आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट, मग प्रोसेसर बदल. उलटं केलं तर मशीन पडदाच दाखवत नाही.

मग तिन्ही मशीनं एईएस आणि पीसीआयडीवर येतील. मुलांच्या टेम्प्लेटला (ज्यावरून बाकीच्या व्हीएम काढायच्या ती नमुना व्हीएम) व्ही२-एईएस आणि वर पीसीआयडी द्या. मुलं एचटीटीपीएस, एसएसएच, डिस्क एन्क्रिप्शन शिकतील तेव्हा एईएसचा फायदा दिसेल.

---

बोरीकाठ, अमळनेर

यादी पाहिली. आमच्या बोर्डावर ५६०० मालिका चालते, बायोस नवा लागेल. आता प्राचार्यांकडे प्रोसेसरच्या जोडीची मागणी टाकतो.

शेवटचं एक विचारतो. पुढच्या वर्षी अभ्यासक्रमात आरएचईएल १० ची ओळख करून द्यायची आहे. आमच्यातला एकही प्रोसेसर पायरी व्ही३ ला नाही. मुलांना काय देऊ?

---

गिरणा_पट्टा, चाळीसगाव

आल्मालिनक्स १० घ्या. त्यांनी व्ही३ सोबत व्ही२ साठी वेगळी बिल्ड ठेवली आहे. उतरवताना नावात 'व्ही२' आहे ना ते बघा, चुकून दुसरी घेतली तर तुमचा पहिलाच पॅनिक परत भेटेल. बाहेरच्या कंपन्यांची काही पॅकेजं व्ही३ साठीच बांधलेली असतील, ती चालणार नाहीत. पण डीएनएफ, सिस्टिमडी, एसईलिनक्स, फायरवॉल हे सगळं शिकवता येईल.

आणि सोबत एक डेबियन १३ चं टेम्प्लेट ठेवा. डेबियनने ६४-बिटचा पाया अजून व्ही१ वरच ठेवलाय, त्यामुळे तुमच्या तिन्ही मशीनांवर ते बिनतक्रार चालेल, आणि मुलं दोन्ही घराणी शिकतील.

---

बोरीकाठ, अमळनेर

हेच करतो. दोन्ही टेम्प्लेट 'ब'वर आजच बनवायला घेतो, आधी व्ही२ वर. प्रोसेसर आले की व्हीएम एकेक शटडाऊन करून टाईप बदलेन. भुसावळ काका, तिन्ही मशीनांच्या सेलसाठीही मागणीत एक ओळ घातली आहे.